खडू, ऑइलपेंट आणि फ्लेक्स

आमच्या हायस्कूलच्या पोर्चमध्ये शिरलं की मान आधी वर जायची. मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दारावर सागवानी चौकटीतला काळाभोर फलक होता. तीन रकाने: वर्ष, नाव, शेकडा गुण. पिवळ्या ऑइलपेंटमधली ठसठशीत अक्षरं. त्याच दाराच्या उजव्या अंगाला, लाकडी घोड्यावर, साधा खडूचा फळा. त्यावर रोज सकाळी काहीतरी लिहिलेलं असायचं आणि दुसऱ्या सकाळी ते पुसलेलं असायचं. वरच्या फलकापर्यंत पोचायला बाकावर स्टूल चढवावं लागे. खालच्या फळ्याला सदऱ्याची बाहीही पुरत असे.

शाळा कौतुक कशी करते हे मी या दोन फळ्यांवर पाहिलं. तिसरं साधन, म्हणजे गेटवरचा फ्लेक्स, नंतर आलं. त्याच्याकडे येईनच.

दहावीचा निकाल जूनमध्ये लागायचा, पण फलकावर नाव चढायचं ते थेट दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर. कारण चित्रकलेच्या सरांना तोवर सवडच नसे. आधी गणपतीची सजावट, मग एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा, मग सहामाहीचे पेपर. त्यातून मोकळे झाले की ते मला हाक मारायचे. माझं अक्षर बरं होतं म्हणून मी त्यांचा मदतनीस. मदत म्हणजे काय, तर स्टूल धरायचं आणि टर्पेंटाइनची वाटी वर द्यायची. ब्रश हातात मिळाला नाही तो नाहीच.

आधी फलक ओल्या फडक्याने पुसायचा आणि वाळू द्यायचा. मग दोरी. सुताराकडची सुती दोरी खडूच्या भुकटीत घोळायची, एक टोक मी धरायचं, दुसरं शिपाईमामांनी, आणि ताणलेल्या दोरीला मधोमध चिमटीत उचलून सर सोडून द्यायचे. टप्. काळ्यावर केसाएवढी पांढरी रेघ. अशा दोन रेघा, एक शिरोरेघेची आणि एक अक्षरांच्या पायाची. सर म्हणायचे, हात थरथरला तर अक्षर सांभाळून घेतं, पण शिरोरेघ हलली की चांगली अक्षरंसुद्धा झिंगल्यासारखी दिसतात.

मग नाव मोजायचं. हा त्यांचाच शब्द. 'र' अर्धीच जागा खातो, 'क्ष' दीड, 'श्र' अंग पसरून बसतो. वेलांटीला वर माथा ठेवायचा, उकाराला खाली पाय. विद्यार्थ्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव हे सगळं दीड हाताच्या रकान्यात बसलं पाहिजे. एखाद्याचे वडील पुरुषोत्तम निघाले की सरांच्या कपाळाला आठी. रंगाचंही असंच. डब्यातला निव्वळ पिवळा काळ्यावर लावला तर हिरवट, मेलेला दिसतो. म्हणून त्यात बोटभर पांढरा कालवायचा. रंग पातळ झाला तर ओघळतो, घट्ट राहिला तर ब्रश अडखळतो. लिहिणाऱ्या हाताच्या मनगटाखाली एक काठी, तिच्या टोकाला चिंध्यांचा बोळा, म्हणजे ओल्या अक्षराला हात लागायला नको. एक नाव लिहायला पाऊण तास जाई. त्या पाऊण तासात पोर्चमधून जाणारी पोरं आपोआप हळू चालत.

एका वर्षी मोठाच पेच पडला. पहिली आलेली मुलगी सुनीता. कार्यालयाच्या यादीत 'सुनिता'. मराठीच्या बाई म्हणाल्या, नी दीर्घच हवी, शाळेच्या दारावर अशुद्ध चालायचं नाही. हेडक्लार्क म्हणाले, जनरल रजिस्टरला ऱ्हस्व आहे, दाखल्यावर ऱ्हस्व आहे, फलकावर दीर्घ कशी येईल? दोन दिवस फलक अर्धवट राहिला. 'सु' लिहून झाला होता, पुढे नुसती रेघ. शेवटी रजिस्टर जिंकलं. मराठीच्या बाई त्यानंतर पोर्चमधून जाताना वर बघत नसत, असं आम्ही पोरं म्हणायचो. खरंखोटं कोण जाणे. खुद्द सुनीताला कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

असे फलक महाराष्ट्रातल्या बहुतेक जुन्या हायस्कुलांत आहेत, आणि त्यांचा पूर्वज एकच: मॅट्रिक. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक्युलेशन १८५९ साली झाली आणि उत्तीर्ण झालेल्या मोजक्या मुलांत महादेव गोविंद रानडे होते. तिथून पुढे शाळेची पत ठरली ती मॅट्रिकला किती बसले आणि किती पास झाले यावर. जुन्या शाळांच्या फलकांवर आणखी एक वेगळा रकाना दिसतो, 'जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती'. नाना शंकरशेट १८६५ साली वारले. मुंबईत मुलींची शाळा भरवायला स्वतःच्या वाड्यात जागा देणारा हा माणूस. त्यांच्या स्मरणार्थ संस्कृतात अव्वल येणाऱ्याला ही शिष्यवृत्ती सुरू झाली आणि बघता बघता तिला परीक्षेतल्या सोन्याच्या कड्याची प्रतिष्ठा आली. १९१२ साली मॅट्रिकला विद्यापीठात पहिला येऊन ही शिष्यवृत्तीही पटकावणारा मुलगा मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलचा होता: चिंतामण द्वारकानाथ देशमुख. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, नंतर देशाचे अर्थमंत्री. तरी संस्कृतच्या मास्तरांच्या लेखी ते आधी 'शंकरशेट स्कॉलर', बाकी सगळं नंतर.

पुण्यातल्या न्यू इंग्लिश स्कूलचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी १८८० च्या जानेवारीत ती काढली, ती सरकारी शिक्षणाला आपला, स्वाभिमानी पर्याय म्हणून. पुढे आगरकर आले, वामन शिवराम आपटे आले. हे आपटे म्हणजे संस्कृत-इंग्रजी कोशाचे कर्ते. कोश १८९० चा, पण त्याआधी जवळजवळ दहा वर्षं ते वर्गात उभे राहून पोरांकडून संस्कृत रूपं घोकून घेत होते. त्याचं फळ लगेच दिसलं. पहिल्या काही वर्षांतच या शाळेच्या मुलांनी शंकरशेट शिष्यवृत्त्या खेचून आणल्या आणि गावात शाळेचं नाव झालं. यातली गंमत बघा. शाळा सरकारच्या छायेबाहेरची, पण तिचं चांगलेपण सिद्ध झालं ते सरकारमान्य विद्यापीठाच्या परीक्षेत. दुसरा मार्गही नव्हता. पोराला कुठे घालावं याचा विचार करणाऱ्या बापाला शाळेचं ध्येयधोरण कळत नाही, निकाल कळतो.

वरचा फलक असा आहे. त्यावर नाव शाळेच्या पोराचं, पण मापाची पट्टी बाहेरच्याची.

ही पट्टी आमच्या काळात गुणवत्ता यादीच्या रूपात आली होती. जूनमधल्या त्या सकाळी पेपरात पहिल्या पानावर फोटो: बोर्डात पहिला, मागासवर्गीयांत पहिला, मुलींत पहिली. आईच्या हातचा पेढा तोंडाशी, मागे गोदरेजचं कपाट. दुसऱ्या दिवसापासून तोच मुलगा तीन वेगवेगळ्या क्लासेसच्या जाहिरातीत. तिन्ही क्लासवाले छातीठोकपणे सांगायचे की हा आमचाच. आमच्या शाळेचा मुलगा त्या यादीत कधी आला नाही, आणि त्यामुळेच असेल, यादी जाहीर होण्याच्या दिवशी स्टाफरूममध्ये कमालीची शांतता असायची. या शतकाच्या पहिल्या दशकात मंडळाने ती यादीच बंद केली. मग २०१० पासून 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आलं, म्हणजे सहांपैकी उत्तम पाच विषयांची बेरीज. त्यावर खेळाचे, चित्रकलेचे, लोककलेचे वाढीव गुण. २०२५ च्या दहावीत राज्यात २११ मुलांना शंभर टक्के पडले. त्यातली ११३ एकट्या लातूर विभागातली.

माझा याबद्दल राग नाही. कबड्डीत राज्यापर्यंत गेलेल्या पोराला वाढीव गुण मिळाले तर बिघडलं कुठे? पण आमचे सर आज असते तर त्यांनी काय केलं असतं, हा प्रश्न मला पडतो. एका वर्षाला एक नाव, हे गृहीत धरून सुताराने तो फलक केलेला. आता एकाच शाळेत तिघं-चौघं शंभरवर. पिवळ्यात बोटभर पांढरा कालवून हा प्रश्न सुटणारा नव्हे.

मास्तरांसाठी तर फलकच नसतो. असतो तो मुख्याध्यापकांचा, आणि त्यावर फक्त 'पासून' आणि 'पर्यंत'. बाकीच्या शिक्षकाला निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ. ज्या माणसाने पस्तीस वर्षं घंटेवर काढली त्याला घड्याळच का देतात, हे कोडं मला अजून उलगडलेलं नाही. पुरस्कार असतात, जिल्ह्याचे, राज्याचे. पण त्यासाठी स्वतःच स्वतःची फाइल करून वर पाठवावी लागते, आणि चांगल्या मास्तराला नेमकं तेच जमत नाही.

असेच एक मास्तर म्हणजे द. रा. कापरेकर. देवळालीला १९३० पासून १९६२ पर्यंत ते शाळामास्तर होते. जन्म डहाणूचा, शालेय शिक्षण ठाण्याला, कॉलेज फर्ग्युसन. विद्यार्थी असतानाच, १९२७ साली, गणितातल्या स्वतंत्र कामासाठी त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं होतं. पुढची पदवी घेतली नाही, शाळेत शिकवत राहिले आणि फावल्या वेळात आकड्यांशी खेळत राहिले. त्यांचा प्रसिद्ध खेळ कोणालाही पाटीवर करता येतो. चार आकड्यांची एक संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने मांडले की ५४३२, चढत्या क्रमाने २३४५. वजा करा: ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता ६१७४ चं करून बघा. ७६४१ वजा १४६७, परत ६१७४च. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येऊन पोचता. कापरेकरांनी हे १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं. पुष्कळांना ती करमणूक वाटली. १९७५ साली मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं आणि जगाला देवळालीचे हे मास्तर ठाऊक झाले. तोवर त्यांना निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती.

मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त आवडते. एखादी संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१. म्हणजे २१ चा जनक १५. पण २० ला असा जनकच नाही, कितीही शोधा. ३१ लाही नाही. अशा बिनआईबापाच्या संख्यांना कापरेकरांनी 'स्वयंभू' म्हटलं आणि दुसरं नाव दिलं ते आपल्या नोकरीच्या गावाचं: देवळाली संख्या. शाळेच्या भिंतीवर गावातल्या पोरांची नावं असतात. इथे मास्तराने गावाचंच नाव गणिताच्या पुस्तकात नेऊन ठेवलं. हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

आता खालचा फळा. शाळेने आपलं रोजचं जगणं आपणच लिहून पोरांसमोर ठेवायचं, ही चाल जुनी आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते आणि तिथल्या वसतिगृहाचं काम पाहत. मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं दैनिक चालवत, हाताने लिहून. छापखाना नाही, वर्गणी नाही, एक प्रत आणि भोवती डोकी. पुढे त्यांनी 'विद्यार्थी' मासिकही काढलं, पण मला भुरळ पडते ती त्या एका प्रतीच्या दैनिकाची. दिवसभर शिकवून, मुलांचं सगळं करून, हा माणूस उद्याचा अंक लिहायला बसत असणार.

आमच्या शाळेचा खडूचा फळा त्याच जातीचा, पण फारच गरीब. तो लिहायच्या आमच्या पर्यवेक्षिका बाई. परिपाठाच्या आधी वीस मिनिटं त्या येत, फळ्यावर ओलं डस्टर फिरवत आणि सहा-सात ओळी लिहीत. वर 'अभिनंदन', खाली मजकूर. त्यांचा एक नियम होता, जो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही पण आम्ही हेरला होता. एकाच पोराचं नाव महिन्यात दोनदा येत नसे. त्यामुळे हुशार पोरं पहिल्या आठवड्यातच संपून जात आणि बाईंना पुढचे तीन आठवडे इतरत्र शोधावं लागे. मग फळ्यावर येई: तालुका क्रीडास्पर्धेत लांब उडीत तिसरा. आठवी क च्या मुलांनी विहिरीत पडलेलं वासरू बाहेर काढलं. हिंदीच्या पवार बाई एम.ए. झाल्या (दुसऱ्या प्रयत्नात, हे मात्र बाईंनी लिहिलं नव्हतं, ते आम्हाला पवार बाईंनीच वर्गात सांगितलं). प्रयोगशाळेच्या परिचरांनी कपाटातली धामण न मारता ओढ्याला सोडली. एका पोराबद्दल फक्त एवढंच: 'या महिन्यात एकही दिवस गैरहजर नाही.' तो पोरगा वीटभट्टीवरचा होता. आमच्यातल्या काहींनी त्यावर हसून घेतलं. मीही हसलो होतो.

त्या फळ्यावर नाव आलं की घरी पुरावा काहीच नसे. फोटो नाही, प्रमाणपत्र नाही. संध्याकाळी आईला सांगायचं, तिने 'हो का?' म्हणायचं, झालं. तरी सकाळी फळ्यापुढे जी गर्दी व्हायची ती वरच्या फलकापुढे मी कधी पाहिली नाही. वरच्यावर आपलं नाव कधीच येणार नाही हे नववीतच कळून चुकलेलं असतं. खालच्यावर कधीही येऊ शकतं.

स्नेहसंमेलनाबद्दल फार लिहीत नाही. ते सगळीकडे सारखंच. प्रमुख पाहुण्यांना उशीर, पारितोषिक वितरणाला अंधार, ध्वनिक्षेपकाची शिट्टी, आणि ज्या नाटकाची पंधरा दिवस तालीम केली त्याचा पडदा मध्येच अडकणार. बक्षिसाला स्टीलची वाटी. आमच्या घरात अशा तीन वाट्या होत्या, एकीवर निबंध, उरलेल्या दोन्हींवर वक्तृत्व. आई त्यात मुद्दाम ताक वाढायची.

फ्लेक्सचा जमाना मी बाहेरून पाहिला. तोवर मला शाळा सोडून बरीच वर्षं झाली होती. जूनच्या पहिल्याच आठवड्यात शाळेच्या गेटवर दहा बाय सहाचा फ्लेक्स लागतो. वर संस्थाचालक, मध्ये गावचे नेते, खाली 'यशाची उज्ज्वल परंपरा' आणि त्याखाली पोस्टाच्या तिकिटाएवढे पोरांचे फोटो. टक्के मात्र फोटोपेक्षा मोठे. लिहायला पाऊण तास नाही, छपाईवाला तासाभरात हातात देतो. नाव चुकलं तर नवा काढायचा. 'सुनिता' की 'सुनीता' यावर कोणी दोन दिवस भांडत नाही. पाऊस लागला की तो उतरतो, आणि मग गावात कुठेतरी कडब्याच्या गंजीवर, कुठे गोठ्याच्या गळक्या पत्र्यावर अंथरलेला दिसतो. मागच्या श्रावणात मी एका कांद्याच्या चाळीवर असा फ्लेक्स पाहिला. ९६.४०, ९५.८०, ९५.२०, हसरे चेहरे, पाठीवर दगड ठेवलेले. मालकाला विचारलं, कोणाची पोरं ही? म्हणाला, आपलीच, तिसरी माझी पुतणी. एकदम चिवट कापड, बरं का.

यंदा फेब्रुवारीत कामासाठी गावी गेलो होतो, तेव्हा शाळेत डोकावलो. पोर्चला टाइल्स बसल्यात. वरचा फलक उतरवून ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत ठेवलाय, भिंतीकडे तोंड करून. वाकून बघितलं. शेवटच्या नावाखाली पाच-सहा वर्षांच्या जोडरेघा आधीच मारून ठेवलेल्या, खडूची पांढरी धार अजून दिसते. सरांनी निवृत्त होताना मागच्याची सोय करून ठेवली असणार. बाईंचा फळा आहे. घोडा बदललाय, फळा तोच. लिहिणाऱ्या बाई नव्या, अक्षर तिरकं आणि घाईचं. त्या दिवशीच्या मजकुरात एनएमएमएस शिष्यवृत्तीचा निकाल होता. आठवीतल्या चार मुली पात्र. म्हणजे नववी ते बारावी वर्षाला बारा हजार रुपये. इथल्या घरात बारा हजार म्हणजे काय, हे त्या चार घरांना विचारायला हवं. चौघींची नावं, वर्ग, तुकडी. खाली 'मार्गदर्शक शिक्षकांचे अभिनंदन' आणि दोन मास्तरांची नावं. आणि त्याखाली, एका कोपऱ्यात, पोषण आहाराच्या मावशींच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाल्याची ओळ.

शाळा सुटताना शिपाईमामा फळा पुसायला आले. हे मामा नवे, मला ओळखत नव्हते. त्यांनी वरून खाली डस्टर फिरवलं. निकाल गेला, दोन नावं गेली. तिसरं नाव पुसताना मात्र त्यांचा हात थांबला आणि ती एक ओळ सोडून ते चौथ्यावर गेले. मग मार्गदर्शक गेले, नर्सिंगही गेलं. मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाले, "आज आली नव्हती ती. मजुरीवर गेलीय आईबरोबर, कांदा काढायला. उद्या येईल, मग पुसतो."